बोरीपाड्याचं तळं

मसोली, डहाणू रोड
२० मे १९६२

प्रभा,

तळ्यांच्या पाण्याचे नमुने पाठवलेले नाहीत. उशीर झालेला नाही, टपालाची चूकही नाही. मी पाठवले नाहीत.

तुझं पत्र काल आलं. बोरीपाड्याच्या तळ्याचा रंग आता कसा दिसतो असं तू विचारलं आहेस. सांगते. आमच्या शाळेच्या खिडक्यांना जो हिरवा ऑइलपेंट देतात ना, तसा. काठाशी त्याची जाड साय धरली आहे. काठी बुडवून वर काढली की काठी रंगून निघते. वास असा की नाकाला पदर लावल्याशिवाय उभं राहवत नाही. शिकवलेलं मी विसरलेले नाही, तेव्हा हे निळं-हिरवं शैवाल आहे हे मला तुझ्याकडून समजून घ्यायची गरज नाही.

त्या सायीत तोंड घालून पाड्यावरच्या चैत्याचे दोन्ही बैल पाणी प्याले. एक त्याच दिवशी संध्याकाळी थरथरत खाली बसला तो उठला नाही. दुसरा पहाटे गेला. पाड्यावरची विहीर आटली आहे, म्हणून जनावरं तळ्यावर नेतात. दरवर्षी नेतात. आजवर एकही मेलं नव्हतं.

मी गेल्या रविवारी गेले होते, नेहमीसारखी जाळी आणि बाटल्या घेऊन. एसटीनं तलासरी, तिथून चालत. मला वाटलं, या उन्हाळ्यात पाणी लवकर खराब झालं. मार्चमध्येच मी तुला लिहिलं होतं की पाणी विचित्र हिरवं होतंय, मसोलीचं तळं मात्र नितळ आहे, हे काय? तू उत्तर दिलंस, "उन्हाळ्यात असं होतंच." तुझं हे वाक्य मी खरं मानलं. तू सांगितलंस म्हणून मानलं.

चैत्याच्या दाराला उन्हासाठी गोणपाट लावलं होतं. त्याच्यावर इंग्रजी अक्षरं होती. सुपरफॉस्फेट, रासायनिक खत. भातालाही शेणाशिवाय काही न घालणाऱ्या माणसाच्या दारात सुपरफॉस्फेटची गोणी कुठून आली? मी विचारलं तर तिथे आलेली तळ्याकाठची रूपी म्हणाली, "तुमच्या मैत्रिणीनं दिली ना बाय. तळ्यात रिकामी करून आमाला दिली. अजून पुष्कळ होत्या. अर्ध्या पाड्याच्या दाराला त्याच आहेत."

फेब्रुवारीत मी विषमज्वरानं अंथरुणावर होते. तू आणि तुझे परदेशातले प्रोफेसर एल्डरसन कॉलेजच्या जीपमधून आलात, माझ्या उशाशी मोसंबी ठेवलीत आणि "तू पडून राहा, आम्ही तळी पाहून येतो" असं म्हणालीस. तळी पाहून आलात! मुंबईचं कॉलेज आणि तुझं तिकडचं विद्यापीठ यांचा जो मोठा करार झाला, त्यात उष्ण प्रदेशातल्या गोड्या पाण्याच्या शैवालांचा दोन वर्षं अभ्यास करायचा असं लिहिलं होतं. खत टाकून शैवाल वाढवायचं असं त्यात कुठे होतं? असेल तर मला का नाही सांगितलंस? महिन्यातून दोनदा त्या पाण्यात मी उतरते, तू नाही.

आणि एक सांग. तळी दोन निवडली होती. एक इथलं मसोलीचं, ज्याच्या काठावर तुझ्या अण्णांचं रेल्वेचं क्वार्टर आहे आणि मामलेदार कचेरीतल्या लोकांची घरं आहेत. दुसरं बोरीपाड्याचं. खत कोणत्या तळ्यात टाकायचं हे तुम्ही कसं ठरवलंत? चिठ्ठ्या टाकून?

लगेच उत्तर दे.

सुधा


मसोली
१४ जून १९६२

प्रभा,

तुझं उत्तर मी आधी उभ्यानं वाचलं, मग बसून वाचलं. आईनं विचारलं, "प्रभाचं काय म्हणणं?" मी म्हटलं, "बरी आहे." तुझ्या अण्णांना मी काही सांगितलेलं नाही. बोटीवर चढतानाचा तुझा फोटो ते अजून स्टेशनात येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतात.

तू लिहितेस, "बैल शैवालानेच मेले हे सिद्ध झालेले नाही." लिहितेस, "मी तुझ्या भावना समजू शकते." लिहितेस, प्रोफेसरांना आत्ताच काही कळवणं योग्य नाही, दोन विद्यापीठांच्या संबंधांवर परिणाम होईल, हा पहिलाच करार आहे, तो मोडला तर पुढे कुठल्याच हिंदी मुलीला अशी संधी मिळणार नाही. म्हणजे बोरीपाड्याच्या बैलांवर तमाम हिंदी मुलींचं भवितव्य येऊन ठेपलं!

सिद्ध झालेलं नाही? आपल्याला दुसऱ्या वर्षाला शिकवलं होतं, ऑस्ट्रेलियात तळ्यावरची हिरवी साय पिऊन मेंढरं मेली, त्याला कितीतरी वर्षं झाली. आपण दोघी एकाच बाकावर बसलो होतो. तुझ्या ग्रंथालयात जा, कपाटं भरून असेल. मला इथून सांगता येतं ते तुला तिथे बसून दिसत नाही?

शेवटच्या परिच्छेदात तू मला टोचलं आहेस. "तुला यायला मिळालं नाही याची खंत मला आजही आहे." प्रभा, सरळ लिही ना, की सुधाला हेवा वाटतो. वाटला होता. तुझी निवड झाली त्या दिवशी मी घरी येऊन जेवले नाही. पण त्या हेव्यानं चैत्याचे बैल मेले नाहीत.

आता पुढचं ऐक. पोरं आजारी पडली आहेत. उलट्या, जुलाब, पोटात कळा. मोठी माणसं झऱ्याचं पाणी आणतात, पण पोरं तळ्यात डुंबणारच. तलासरीच्या डॉक्टरांनी येऊन औषध दिलं. बरीचशी सावरली. सुकऱ्याची नात अजून उठून बसत नाही. सुकऱ्या म्हणजे पाड्याचा जुना कारभारी. तू त्याला भेटली आहेस, त्यानंच साहेबाला बसायला बाज दिली होती.

मी पाड्यावर जाऊन सांगितलं, तळ्याच्या पाण्याला हात लावू नका, त्यात खत टाकलं होतं, त्यानं शेवाळ माजलं, त्या शेवाळात विष आहे. सगळ्यांनी ऐकून घेतलं. मग सुकऱ्या म्हणाला,

"बाय, चिकूच्या वाडीत खत टाकतात. तिथली पोरं चिकू खातात. ती का नाय मरत?"

"ते जमिनीत जातं. हे पाण्यात गेलं."

"पाण्यात साहेब उतरला होता, कमरेपर्यंत. तो का नाय मेला? आन तवा टाकलं ते तवाच का नाय लागलं? आता चार महिन्यांनी लागलं?"

मी समजावत राहिले. तो शांतपणे म्हणाला, "तू तवा होतीस काय तिथं? नाय ना? मग तू कशी सांगतेस? जिनं टाकलं ती तर बोलली, मासे मोठे होतील."

मासे मोठे होतील! प्रभा, हे तू बोललीस?

मी परत निघाले तेव्हा रूपी पोचवायला आली नाही. ती तळ्याकाठच्या पहिल्या झोपडीत एकटी राहते, नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. मी पाड्यावर जाऊ लागले त्या पहिल्या दिवसापासून ती मला कोरा चहा देते आणि माझ्या बाटल्यांना हसते. तुम्ही आलात तेव्हा तिनंच तुम्हाला काठापर्यंत नेलं, कारण तू तिला म्हणालीस, "आम्ही सुधाबाईंची माणसं." पाड्यानं जीप पाहून विचारलं तेव्हा तिनंच सांगितलं, "येऊ द्या, आपली आहेत."

त्या दिवशी ती दारात बसून होती. मी हाक मारली तर मान हलवली, जवळ येऊ नकोस म्हणून. वाटेवर चैत्याच्या बायकोनं, कमळीनं, मला गाठलं. इकडेतिकडे बघत म्हणाली, "बाय, रूपीकडं जाऊ नका. तिला भुताळी बोलतात."

भुताळी कोण, हे डहाणूत वाढलेल्या मुलीला मी समजावत बसत नाही. कुणाची जनावरं मेली, कुणाचं पोर मेलं, की जिनं खाल्लं असं मानतात, ती. आणि तशी ठरलेल्या बाईचं काय होतं तेही तुला माहीत आहे.

मला तुझ्याकडून एक कागद हवा आहे. मराठीत, सोप्या शब्दांत, तुझ्या सहीचा. तळ्यात खत आम्ही टाकलं, त्यानं विषारी शेवाळ वाढलं, बैल त्यानं मेले, रूपीचा यात काही संबंध नाही. एवढंच. मी तो पाड्यावर वाचून दाखवीन. हवाई टपालानं पाठव. तार केलीस तरी चालेल.

सुधा


मसोली
९ जुलै १९६२

प्रभा,

तुझा कागद आला नाही. तुझं पत्र आलं. प्रोफेसर सुट्टीवर आहेत, त्यांच्या परवानगीशिवाय प्रकल्पाबद्दल लेखी काही देता येत नाही, ते ऑगस्टअखेर येतील.

रूपीनं ऑगस्टअखेरपर्यंत थांबायला हवं होतं. ते तिच्या लक्षात आलं नसेल.

सुकऱ्याची नात गेल्या आठवड्यात गेली. तिला माती देऊन परत आले आणि लोक रूपीच्या झोपडीवर गेले. कोण कोण होतं ते रूपी सांगत नाही. तिचा उजवा हात कोपराच्या खाली मोडला आहे. पाठीवर वळ आहेत, ते मी पाहिले, तुला वर्णन करून सांगणार नाही. झोपडीचा कूड मोडला, कौलं फोडली. कमळीनं तिला रात्रभर भाताच्या पेंढ्यात लपवलं आणि सकाळी चैत्या तिला पाठुंगळी घेऊन तलासरीच्या रस्त्यापर्यंत आला. चैत्याचेच बैल मेले होते, हे लक्षात घे. तरी तोच आला. तलासरीच्या डॉक्टरांनी हात बांधला आणि मला निरोप धाडला.

आता ती आमच्या पडवीत आहे. आई आधी म्हणाली, "किती दिवस?" मग तिनं स्वतःच तिला हातानं भरवलं. डावा हात चालतो, पण रूपी घास उचलत नव्हती.

पोलिसांत द्यायचं मी म्हटलं तर रूपी घाबरली. म्हणाली, "नको बाय. त्यांचं पोर मेलं."

"म्हणून तुझा हात मोडायचा?"

"पोर मेल्यावर कारण लागतं ना. तुमी कारण दिलं नाय. मग त्यांनी शोधलं."

हे वाक्य मी तुझ्यासाठी जसंच्या तसं लिहून काढलं आहे. तुला दरमहा आकडे पाठवत होते, पाण्याचं तापमान, तळ दिसण्याची खोली, शैवालाच्या जाती. आता हेही नोंदवून घे.

माझा राग नुसता तुझ्या खतावर नाही. चूक होते. तुला कळलंच नसेल की विहीर आटते आणि लोक त्या तळ्यावर जातात. विचारलं असतंस तर कळलं असतं, पण तू विचारलं नाहीस, असो. माझा राग मे महिन्यानंतरच्या प्रभावर आहे. मे महिन्यात मी तुला सगळं कळवलं होतं. एका कागदानं ही बाई वाचली असती, आणि तू माझं पत्र घडी घालून टेबलाच्या खणात ठेवलंस.

सुधा


मसोली
१८ नोव्हेंबर १९६२

मिस प्रभा यांस,

आपल्या विद्यापीठाने छापलेला पहिल्या वर्षाचा अहवाल मुंबईच्या कॉलेजमार्फत पोचला. कागद फार सुरेख आहे.

जाऊ दे, असं लिहिणं मला जमत नाही. प्रभा, त्याच्या सातव्या पानावर काय आहे ते तुला माहीत आहे, तूच लिहिलं आहेस. "निर्जन तळे, मनुष्यवापरात नाही." त्याखाली आलेख. मे महिन्यात रेघ कागदाच्या वरच्या टोकाला जाऊन भिडली आहे आणि तिच्याखाली लिहिलं आहे, "प्रयोगाचा अत्यंत समाधानकारक परिणाम."

तो मे महिन्याचा ठिपका कुठून आला? माझ्या बाटल्या तर तुला मिळाल्या नाहीत. नंतर कळलं, मुंबईहून कॉलेजचा कुणी माणूस परस्पर येऊन पाणी नेऊन गेला. बैल पडले होते तेव्हाच आला असणार. त्यालाही ते तळं निर्जन दिसलं का?

शेवटी आभार आहेत. "मिस सुधा, डहाणू, यांच्या आनंदी सहकार्याबद्दल." माझं आडनावसुद्धा नाही. आनंदी म्हणे! रूपी पडवीत डाव्या हातानं तांदूळ निवडत बसली होती. तिनं विचारलं, "काय वाचतेस बाय? तोंड का असं झालं?" मी तिला सांगितलं की यात तुझ्या तळ्याबद्दल लिहिलं आहे. ती म्हणाली, "माझं नाव आहे काय?" मी म्हटलं नाही. ती म्हणाली, "बरं झालं."

तुझं ऑक्टोबरचं पत्र त्याच दिवशी आलं. त्यात सगळीकडे युद्धाची काळजी आहे, चीन कुठवर आला, घरचे सुखरूप ना. सुखरूप आहेत. तुझे अण्णा संध्याकाळी रेडिओ लावतात आणि सारी वस्ती त्यांच्या ओट्यावर जमते. चैत्यानं यंदा शेत लावलंच नाही. कुणाकडून बैल मागून अर्धवट नांगरलं, तोवर पाऊस निघून गेला. तो आता कोसबाडच्या बाजूला गवत कापायला जातो. रूपीचा हात जुळला, पण वाकडा जुळला. पाणी भरलेला हंडा तिला उचलता येत नाही. युद्धाबद्दल तिला काही माहीत नाही.

आणि युद्धाच्या खाली, पानाच्या तळाशी, तुझं खरं म्हणणं. दुसऱ्या वर्षाचे नमुने जूनपासून आलेले नाहीत. मुंबईचा माणूस सारखा येऊ शकत नाही. दोन्ही तळ्यांचे सलग आकडे नसतील तर तुझा प्रबंध पुरा होत नाही आणि करारही पुढे जात नाही. "सुधा, आपल्या मैत्रीखातर."

मैत्रीखातर नाही. माझी अट आहे. तू इथे ये. बोरीपाड्यावर जा, सगळ्यांसमोर उभी राहा आणि काय केलंस ते तुझ्या तोंडानं सांग. आता कागद चालणार नाही, ती वेळ गेली. ते झालं की तुला हव्या तेवढ्या बाटल्या भरून देईन. तोवर एक थेंब मिळणार नाही. मसोलीच्या तळ्याचासुद्धा नाही.

ही धमकी आहे असं तुला वाटेल. बरोबर आहे, धमकीच आहे.

सुधा


मसोली
२ फेब्रुवारी १९६३

प्रभा,

मार्चमध्ये येतेस हे कळलं. प्रोफेसर सोबत नसतील हे बरं झालं.

तू विचारलं आहेस, पाड्यावर जायच्या आधी मी त्यांची "मनोभूमिका तयार" करून ठेवीन का. नाही. तू येणार एवढाच निरोप चैत्यामार्फत दिला आहे.

आमच्याकडे उतरू नकोस. तुझं घर इथेच आहे. आणि पडवीत रूपी आहे.

सुधा


मसोली
२८ एप्रिल १९६३

प्रभा,

गाडी सुटायच्या आधी तू खिडकीतून माझा हात धरलास आणि म्हणालीस, "सुधा, आता तरी झालं ना?" मी हात सोडवून घेतला. गाडी गेली. तुझ्या अण्णांना वाटलं, निरोपाचं रडू आवरत नाही म्हणून मी पाठ फिरवली. त्यांना तसंच वाटू दिलं.

महिनाभर उत्तर दिलं नाही, कारण मधे जे घडलं ते तुला माहीत नाही. ते आधी सांगते.

तू पाड्यावर उभी राहिलीस, ते मी नाकारत नाही. सुरुवात तू वाईट केलीस. "अन्नद्रव्यांचं प्रमाण," "सूक्ष्म वनस्पतींची वाढ," लोक एकमेकांच्या तोंडाकडे पाहत होते. मला वाटलं, हिला आता उचलून जीपमध्ये घालावं. मग सुकऱ्यानं हात वर केला.

"बाय, तू टाकलं का नाय, येवढं सांग."

"टाकलं."

"त्यानं बैल मेले?"

तू चष्मा काढून पदरानं पुसलास. माझे डोळे तुझ्यावरून हलले नाहीत. मग तू म्हणालीस, "हो. त्यानंच."

"आन माझी नात?"

"ती पण... मला नक्की माहीत नाही. बहुतेक हो."

"रूपीनं काय नाय केलं?"

"रूपीनं काही केलं नाही. तिनं फक्त आम्हाला वाट दाखवली."

तेव्हा कमळी मागून ओरडली, "मग तवा का नाय बोललीस?" तू माझ्याकडे पाहिलंस. मी मदत केली नाही. तू म्हणालीस, "भ्याले."

सुकऱ्यानं विचारलं, "कोणाला? आमाला?"

"नाही. साहेबाला. माझी शिकायची जागा जाईल म्हणून."

तू ते पुस्तकी मराठी टाकून पहिल्यांदा सरळ बोललीस आणि तिथे मला तू कॉलेजातली प्रभा वाटलीस, थोडा वेळ. सुकऱ्या खाली बघत होता. मग म्हणाला, "आमी पण भ्यालो. आमी रूपीला मारलं." माणसं एकेक करून उठून गेली. आपण निघालो.

तू गेल्यावर आठवड्याभरात सुकऱ्या इथे आला. चालत आला असावा, पाय धुळीनं भरलेले होते. आईनं पाणी दिलं, ते त्यानं हातात धरलं, प्यायला नाही. पडवीत रूपीसमोर उकिडवा बसला. मग म्हणाला, "तुझा कूड बांधला नवा. चैत्यानं कौलं आणली. चल."

मी मधे पडले. मला राहवलं नाही. म्हटलं, "कुठे चल? जिथे हात मोडलात तिथे? उद्या आणखी कुणाचं पोर आजारी पडलं की पुन्हा हीच भुताळी. ती कुठे जायची नाही. ती इथे राहील."

सुकऱ्यानं हातातलं पाणी खाली ठेवलं. रूपी उठली. आपली दोन लुगडी तिनं डाव्या हातानं गोळा केली आणि उजव्या हाताच्या कोपरात दाबून धरली. मी तिला दारात अडवलं. म्हटलं, "रूपी, यानं तुला मारलं ना? हा होता ना त्यांच्यात?"

ती म्हणाली, "होता. पयलाच होता."

"आणि तू त्याच्याबरोबर जातेस? तुला राग येत नाही?"

"येतो." तिनं कोपरातली लुगडी सावरली. "तू मना बरं ठेवलं बाय. पण ही तुझी पडवी आहे. मना माझी जागा पायजे. तुझा राग आहे तो तू ठेव. मी त्याच्यासाठी इथं किती दिवस बसू?"

प्रभा, मी तिला धरून ठेवलं होतं. नुसतं हात बरा होईपर्यंत नाही. ती पडवीत असेपर्यंत माझं सगळं खरं होतं आणि तुझं सगळं खोटं. तिनं ते ओळखलं असणार. ती माझ्या बाजूनं जागा करून निघून गेली. सुकऱ्या दोन पावलांचं अंतर ठेवून मागे चालत होता. कोपऱ्यावर तिनं एक लुगडं त्याच्या हातात दिलं.

मी परवा पाड्यावर जाऊन आले. रूपी घरात आहे. चहा दिला. तिच्या दारात पोरं येतात, त्यांच्या आया लांबून बघत राहतात, पण हाका मारून बोलावून घेत नाहीत. पुढे काय होईल ते मला माहीत नाही. तिलाही नाही. तुझं नाव तिनं काढलं नाही. मी काढलं तर म्हणाली, "कोण? ती चष्म्यावाली?"

तळ्याचा बांध पाड्यानं फोडला. सगळं पाणी ओहोळात जाऊ नये म्हणून बाजूच्या माळावर चर खणून जिरवलं, ते मी उभं राहून करून घेतलं. आता गाळ काढतायत. चैत्याही आहे त्यात. पावसात नवं पाणी भरेल.

मी शब्द दिला होता, तो अर्धाच पाळते. मसोलीच्या तळ्याच्या बाटल्या खोक्यात भरून मुंबईला रवाना केल्या आहेत. जूनपासूनच्या नाहीत, तेव्हा मी भरल्या नव्हत्या, मार्चपासूनच्या आहेत. बोरीपाड्याच्या नाहीत आणि येणार नाहीत. आता त्या काठावर बाटली घेऊन कुणी आलं तर पाडा त्याला आधी विचारील, आणि मीही विचारीन. तुझा प्रबंध त्यावाचून अडत असेल तर अडू दे.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. तू इतक्या लांबून आलीस, बोललीस, त्यानं रूपीला तिचं घर मिळालं. हे मी मानते, कुणी विचारलं तर सांगीन. पण तू रूपीसाठी आलीस की बाटल्यांसाठी, हे मला कधीच कळणार नाही, कारण अट मी घातली होती. ती घालायची वेळ तू माझ्यावर आणलीस. जूनमध्ये एका कागदावर सही केली असतीस तर मी आज तुला ओळखत असते.

तेव्हा, नाही झालं.

आणि तुझ्या अहवालाच्या सातव्या पानावर ते तळं अजून निर्जन आहे. तिथे माणसं राहतात असं पुढच्या अहवालात लिही. बैल मेले ते लिही, मुलगी गेली ते लिही. प्रोफेसरांना विचारून लिही नाहीतर न विचारता लिही. भ्याले असं पाड्यावर म्हणू शकलीस, आता तिथे म्हण.

छापून आलं की ते पान मला पाठव. सोबत पत्र नको.

सुधा